मोबाईलचा कॅमेरा : वावरातला एक तौलनिक अभ्यास

विज्ञानाने सामान्य माणसाच्या हाती दिलेल्या साधनांत मोबाईल फोनइतके सर्वसंचारी साधन दुसरे नाही, आणि त्या फोनमध्येही कॅमेऱ्याइतका चर्चेचा विषय दुसरा नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात, तेल्हाऱ्याच्या बसस्थानकावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही चार मुले एकत्र आली की प्रश्न ठरलेला असतो : "तुह्या फोनचा कॅमेरा कितीचा?" उत्तर आकड्यात येते. कुणी पन्नास म्हणतो, कुणी एकशेआठ म्हणतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची मान ताठ. हा आकडा खरोखर काय सांगतो, आणि दीड लाखाच्या आसपास किमतीचा फोन नऊ हजारांच्या फोनपेक्षा नेमका कुठे सरस ठरतो, हे स्वतः पडताळून पाहावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. गेल्या दिवाळीत तशी संधी मिळाली. त्या पडताळणीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, तेव्हा तांत्रिक बाबी माझ्या अल्पमतीप्रमाणे सोप्या करून सांगितल्या आहेत.

भाऊबिजेला पुण्याहून माझा मामेभाऊ व वहिनी आमच्या घरी आले होते. दादाजवळ ॲपल कंपनीचा आयफोन १५ प्रो होता आणि वहिनीजवळ सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा. पहिला सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, दुसरा जानेवारी २०२४ मध्ये. भारतात पहिल्याची सुरुवातीची किंमत १,३४,९०० रुपये होती, दुसऱ्याची १,२९,९९९ रुपये. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचे नवे फोन आले आहेत, पण कॅमेऱ्यामागचे तत्त्व तेच आहे. अशा फोनला बाजारात 'फ्लॅगशिप' म्हणतात. आरमारातील निशाणाचे जहाज, तसा हा कंपनीचा मानाचा फोन. तिसरा फोन बाबांचा, म्हणजे आम्हा सर्वांचा. तो चार वर्षांपूर्वी नऊ हजारांना घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण त्याच्याविषयी पुढे दोन कडू शब्द येणार आहेत. दादाने दोन्ही फोन माझ्या हाती दिले आणि म्हणाला, "पाडू नको म्हणजे झालं." त्या सूचनेचे ओझे चारही दिवस माझ्या मनावर होते.

प्रथम आकड्याचा विचार करू. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. सॅमसंगच्या मुख्य कॅमेऱ्यात २०० मेगापिक्सेल म्हणजे वीस कोटी ठिपके आहेत, आयफोनच्या कॅमेऱ्यात ४८, म्हणजे चार कोटी ऐंशी लाख. यावरून सॅमसंगचे चित्र चौपट स्पष्ट यावे असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. भिंगामागे जी प्रकाश टिपणारी चकती असते तिला सेन्सर म्हणतात, आणि या दोन्ही फोनच्या सेन्सरचा आकार जवळजवळ सारखाच आहे. सॅमसंगचा एक ठिपका ०.६ मायक्रोमीटर रुंद, आयफोनचा १.२२ मायक्रोमीटर, म्हणजे दुप्पट रुंद. पावसाळ्यात वळचणीखाली एक मोठे घमेले ठेवावे किंवा तेवढ्याच जागेत सोळा वाट्या मांडाव्या, पाणी तेवढेच साचणार. वाट्या जास्त म्हणून पाऊस जास्त पडत नाही. सॅमसंगचा फोन एरवी सोळा ठिपक्यांचा प्रकाश एकत्र करून त्यांचा एक ठिपका बनवतो, म्हणजे वीस कोटींतून साधारण सव्वा कोटी ठिपक्यांचे चित्र देतो. आयफोन चाराचा एक करतो आणि मग थोडी आकडेमोड करून २४ मेगापिक्सेलचे चित्र हाती ठेवतो. वीस कोटींचे पूर्ण चित्र हवे तर ते वेगळे मागावे लागते, आणि ते भर उजेडातच शोभते. म्हणून ज्याचा आकडा मोठा त्याचा कॅमेरा मोठा, ही समजूत सोडून द्यावी. सेन्सर किती मोठा, भिंग किती प्रकाश आत घेते, आणि त्या प्रकाशाचे फोन पुढे काय करतो, हे तीन प्रश्न विचारावेत.

यांतील तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की कॅमेरा समोरचे दृश्य जसेच्या तसे उचलतो. सेन्सरच्या ठिपक्याला मात्र रंग कळतच नाही, केवळ उजेड कमी की जास्त एवढेच कळते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर या संशोधकाने यावर उपाय काढला व १९७६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्याने ठिपक्यांवर रंगीत काचांची नक्षी बसवली : निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पावावर तांबडी, पावावर निळी. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने काढले जातात. याचा अर्थ असा की कोणत्याही मोबाईल चित्रातील दोन तृतीयांश रंग हा मोजलेला नसून हिशेबाने भरलेला असतो. हे वाचले तेव्हा मी दिङ्मूढ झाले. पुढे संगणकाची शक्ती वाढली तसा हा हिशेबही वाढत गेला. आता बटण दाबल्यावर फोन एक चित्र घेत नाही. एकापाठोपाठ अनेक घेतो, त्यांचा मेळ घालतो, काळोख्या जागा उजळतो, उजळ जागा दाबतो आणि मग आपल्याला एक चित्र दाखवतो. हे सर्व डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात घडते. तेव्हा दोन फोनांतील खरा फरक काचेत थोडा आणि या हिशेबात अधिक असतो, आणि फोनची पारख करताना तो आपल्या चित्रात कोणता निर्णय परस्पर घेऊन टाकतो, हे पाहिले पाहिजे, असे माझे मत बनले.

पारख करायची कशावर? परदेशी परीक्षक फुलदाण्या, पूल, उंच इमारती यांची चित्रे काढतात. आमच्याकडे त्याहून कठीण वस्तू वावरात उभी असते, ती म्हणजे फुटलेली पऱ्हाटी. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी चालू असते. ऊन कडक, माती काळीभोर आणि तिच्यावर पांढरेशुभ्र बोंड. एकाच चौकटीत इतका पांढरा आणि इतका काळा रंग दुसरीकडे क्वचित सापडेल. दुपारी बारा वाजता एकाच झाडाची चित्रे मी तीनही फोनवर काढली. बाबांच्या फोनमध्ये बोंडाच्या जागी नुसते पांढरे डाग आले, जणू कागदाला भोके पडली. कापूस ओळखू येत होता तो झाडामुळे. कारण उघड आहे : लहान सेन्सरच्या वाट्या लवकर भरतात, भरून वाहू लागल्या की पुढे मोजमाप संपते. माती नीट दिसावी म्हणून फोनने प्रकाश जास्त घेतला आणि कापूस गमावला. दोन्ही भारी फोनवर बोंडाच्या पाकळ्या वेगळ्या दिसल्या, सरकीवरचे उंचवटे दिसले, पानाच्या सावलीत अडकलेली कवडीही दिसली. सॅमसंगच्या चित्रात पाने अधिक हिरवी व उठावदार होती, आयफोनमध्ये ऊन अधिक खरे वाटत होते. माझी पसंती आयफोनला, धाकट्या भावाची सॅमसंगला. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, "ह्या फोटूतला कापूस जास्त भावानं जाते काय?" तरी त्यांनी तीनही चित्रे दोन दोनदा पाहिली, हे मी नमूद करून ठेवते.

दुसरी परीक्षा उपयोगाची होती. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरून काढला, तेव्हापासून हिरवे बोंड फोडून पाहणे ही आमच्याकडे नित्याची गोष्ट झाली आहे. फोडलेल्या बोंडातील अळीचे चित्र काढून जाणत्याला पाठवायचे आणि सल्ला घ्यायचा, अशी नवी रीत पडली आहे. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव त्यांनी शिकवलेली माणसे आहेत, परंतु सर्वांना प्रत्यक्ष वावरात बोलावणे शक्य नसते. अळी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. इतक्या जवळून चित्र काढताना एक गंमत आढळली. भारी फोनचा मुख्य कॅमेरा मोठ्या सेन्सरचा असल्यामुळे अगदी जवळची वस्तू त्याला स्पष्ट टिपता येत नाही, म्हणून दोन्ही फोन अशा वेळी गुपचूप आपल्या रुंद दृश्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळतात. तो दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरूनही काम करतो, आणि अळीच्या अंगावरील गुलाबी पट्टे स्वच्छ येतात. बाबांच्या फोनला जवळच्या चित्रासाठी म्हणून एक निराळा कॅमेरा आहे, तो केवळ २ मेगापिक्सेलचा. जाहिरातीत 'तीन कॅमेरे' म्हणताना त्याची गणती झाली होती. त्याने अळीचा तांदळाचा दाणा केला. शेवटी मीच युक्ती काढली : वीतभर दूर धरून मुख्य कॅमेऱ्याने चित्र काढायचे व नंतर कापून मोठे करायचे. ते चालण्याजोगे आले.

याच संदर्भात एक सूचना करते. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले की ते खूप लहान करून जाते, मग मूळ चित्र वीस कोटी ठिपक्यांचे असो की एक कोटीचे. सल्ला मागण्यासाठी चित्र पाठवायचे असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे भल्या भल्या कॅमेऱ्यांचे तेज वाटेतच सांडते.

आता आजीची गोष्ट सांगते, कारण या अभ्यासाला खरी सुरुवात तिच्यामुळेच झाली. आजीचे लग्नातले छायाचित्र नाही, तिच्या तरुणपणाचेही नाही. तिचा पहिला फोटो मतदार ओळखपत्रासाठी निघाला. तिच्या कपाळावर गोंदण आहे, दोन भुवयांच्या मध्ये तीन हिरवे ठिपके, आणि हनुवटीवर एक. मागच्या वर्षी मी बाबांच्या फोनवर तिचा फोटो काढला आणि कौतुकाने तिला दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "हे मी नाई बाप्पा. माह्यं गोंदन कुठी गेलं?" मी पाहते तो खरोखरच कपाळ कोरे. सुरकुत्या गेलेल्या, रंग दोन पायऱ्या उजळ आणि गोंदण नाहीसे. फोनमध्ये 'सौंदर्य' नावाची सोय पहिल्यापासूनच चालू ठेवलेली होती. त्या हिशेबाने गोंदणाला डाग समजून पुसले होते. आजीचे गोंदण तिच्या आईने काढवून घेतले होते, मेल्यावर बरोबर येते ते एवढेच असे ती म्हणते. यंत्राला हे कळावे अशी अपेक्षा नाही. पण ज्या माणसांनी तो हिशेब लिहिला त्यांनी नितळ आणि गोरा चेहरा हाच चेहरा मानला, हे मात्र मला खटकले.

ही वृत्ती नवीन नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवून घेण्यासाठी प्रयोगशाळांना एका स्त्रीचे चित्र असलेले कार्ड पुरवीत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. ती स्त्री गोरी असे. तिचा वर्ण बरोबर आला की यंत्र बरोबर, आणि सावळ्या माणसांचे चेहरे काळोखात गेले तरी यंत्र बरोबरच. पुढे कंपन्यांना ही चूक कळली. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर 'रिअल टोन' या नावाने सावळ्या व काळ्या वर्णाचे चेहरे खऱ्या रंगात यावेत अशी सुधारणा आणली. पिक्सेल फोन मला हाताळायला मिळाला नाही, त्यामुळे त्याविषयी अधिक बोलत नाही. परंतु त्याच कंपनीने २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये दुसरी एक सोय दिली : समूहाच्या फोटोत कुणाचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या क्षणीच्या फोटोतील त्याचा उघड्या डोळ्यांचा चेहरा आणून बसवता येतो. सर्व जण एकाच वेळी हसत आहेत असा तो क्षण प्रत्यक्षात कधी आलेलाच नसतो! मार्च २०२३ मध्ये असेच एक प्रकरण गाजले. एका हौशी माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले आणि खोलीत अंधार करून सॅमसंगच्या एस२३ अल्ट्राने दुरून टिपले. फोनने दिलेल्या चित्रात मूळ पडद्यावर नसलेले बारकावे उमटले होते. कंपनीने खुलासा केला की चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करणारी सोय फोनमध्ये आहे व ती बंद करता येते. कोजागिरीच्या रात्री गच्चीवरून काढलेल्या चंद्रात फोनचा वाटा किती आणि आकाशातल्या चंद्राचा किती, हा प्रश्न मला त्यानंतर पडतो.

दादाच्या व वहिनीच्या फोनवर आजीचे फोटो काढले. दोहोंतही गोंदण आले, सुरकुत्या आल्या. आजीने दोन्हींना मान्यता दिली. सॅमसंगच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा बोटांनी मोठा करून गोंदणाला हात लावून पाहिला.

रात्रीच्या चित्रांविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे वादाला जागा नाही. पणत्यांच्या उजेडात भारी फोन फारच पुढे आहेत. दोन-तीन सेकंद हात स्थिर धरला की ओसरी, रांगोळी, भिंतीवरचा चुना सर्व दिसते. बाबांच्या फोनवर ज्योत दिसते आणि भोवती मुरमाड काळोख. मात्र फुलझडी घेऊन पळणारा भाऊ कुठल्याच फोनवर धड आला नाही. दूरचे दृश्य जवळ आणण्यात सॅमसंग वरचढ. त्याचे दूरचे भिंग पाचपट आहे, आयफोन १५ प्रोचे तिप्पट. सातपुड्याची रांग आमच्या वावरातून उत्तरेला दिसते, सॅमसंगवर तिच्या उतारावरील झाडांचे पुंजके मोजता आले. पण सातपुडा किती जणांना रोज जवळ आणायचा असतो?

घडण आणि रोजचा वापर याबाबतीत माझे काही अनुभव आहेत. दोन्ही फोनची चौकट टायटेनियमची आहे, मागची-पुढची बाजू काचेची. आयफोन १५ प्रो १८७ ग्रॅमचा, हाताच्या तळव्यात मावणारा. सॅमसंग २३२ ग्रॅमचा, पडदा ६.८ इंची, आणि पोटात लिहिण्याची कांडी. वहिनी तिच्यावर हिशेब लिहिते. मला सॅमसंग एका हाताने धरवत नव्हता. वेचणीला जाणाऱ्या बाईच्या लुगड्याला खिसा नसतो, पोटाशी कापसाची ओटी असते, तिने इतका मोठा फोन ठेवायचा कुठे, हा विचार तो आकार ठरवणाऱ्याच्या मनात आला नसणार. बाबांचा फोन प्लॅस्टिकचा आहे. तो बंडीवरून दोनदा पडला, एक कोपरा फुटला, तरी चालतो. दादाचा फोन कुणी बंडीवर नेऊच दिला नाही.

उन्हात पडदा दिसणे ही आमच्याकडे पहिली गरज आहे. पडद्याचा उजेड 'निट' या परिमाणात मोजतात. कंपन्यांच्या सांगण्याप्रमाणे सॅमसंगचा पडदा कमाल २६०० निट, आयफोनचा उन्हात २००० निट. स्वस्त फोनचे पडदे सहसा चारशे-पाचशेच्या आसपास असतात. बाबा भर दुपारी फोन पाहताना डोक्यावरचा शेला पुढे ओढून त्याचा तंबू करतात. सॅमसंगच्या काचेवर प्रतिबिंबही कमी पडते, त्यामुळे तो शेल्याशिवाय वाचता आला. इथे पैशाचे मोल पुरेपूर दिसते.

परंतु उष्णतेचे काय? आयफोनच्या माहितीपत्रकात कंपनीने स्वतःच लिहिले आहे की हा फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. मार्चच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत बहुतेक दुपारी पस्तीस अंश ही आमच्याकडे गारव्याची गोष्ट असते. म्हणजे वर्षातले सुमारे तीन महिने आमची दुपार या फोनच्या हद्दीबाहेर आहे! तापलेला फोन पडदा मंद करतो, भार घेणे थांबवतो, प्रसंगी थंड होईपर्यंत बंद राहतो. हे सर्वच फोनला थोड्याफार फरकाने लागू आहे. ॲपलने सप्टेंबर २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये टायटेनियम सोडून पुन्हा ॲल्युमिनियम घेतले, कारण त्यातून उष्णता लवकर बाहेर जाते. सोन्यासारखा टायटेनियम दोन वर्षांत मागे पडला, हे पाहून मला मौज वाटली.

बोटांच्या ठशाचाही एक अनुभव आहे. सुकलेल्या बोंडाची टोके बोटांना बोचतात, वेचणीच्या दिवसांत बाबांच्या अंगठ्याच्या रेषा झिजून जातात आणि आमचा फोन त्यांना ओळखेनासा होतो. मग ते आकडे टाकतात. आयफोन चेहरा पाहून उघडतो, तो प्रकार त्यांना पटला. फोनला बोलून मराठी लिहायला लावण्याचाही प्रयोग केला. यंत्र शुद्ध भाषा छान लिहिते, पण बाबांच्या 'मले'चे 'मला' करते.

आता ज्या कामामुळे फोनचा कॅमेरा हा आमच्यासाठी चैनीचा विषय राहिला नाही त्याकडे येते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात जाऊन मोबाईलवर पिकाची नोंद करायची, पिकाचा फोटो काढायचा, आणि त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, साहाय्य जाहीर केले, तेव्हा प्रथम याच नोंदी पाहिल्या गेल्या. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी करावी लागते. म्हणजे पेरणे, निंदणे, वेचणे याबरोबर फोटो काढणे हेही शेतीचे एक काम झाले आहे.

२०२३ मध्ये आमची नोंद राहून गेली होती. दोष आमच्याच फोनचा, आणि बऱ्याच अंशी माझ्या अज्ञानाचा. शेवटच्या दिवशी सायंकाळी बाबा व मी वावरात गेलो, धुऱ्यावरच्या निंबाखाली उभे राहिलो आणि फोन पुनःपुन्हा सांगत राहिला की तुम्ही गटाबाहेर आहात. आमचे वावर अडीच एकर, भावाभावांच्या वाटण्यांमुळे लांबट पट्टी, रुंदीला जेमतेम चाळीस पावले. अंधार पडला, फोनचा भार संपला, आम्ही परतलो. बाबा काही बोलले नाहीत. पुढे साहाय्याच्या यादीत नाव नाही म्हणून त्यांचे किती हेलपाटे झाले ते मी पाहिले आहे.

यंदा भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी उपग्रहांकरवी स्थाननिश्चिती कशी होते ते शिकवले, तेव्हा मला त्या सायंकाळचा उलगडा झाला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. आपण नेमके कुठे आहोत हे प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, पण फार सावकाश, सेकंदाला अवघे ५० अंश माहिती, म्हणजे संगणकाच्या भाषेतले बिट. एका उपग्रहाची कामापुरती माहिती यायला निदान अर्धा मिनिट लागतो, आणि सर्व उपग्रहांचे पंचांग यायला साडेबारा मिनिटे. इंटरनेट असेल तर फोन हे पंचांग तिकडून क्षणात आणतो. आमच्या वावरात रेंज नसल्यासारखीच. तेव्हा फोन बिचारा आकाशाकडूनच सगळे ऐकत होता, आणि आम्ही त्याला निंबाखाली धरले होते! पानांतून, फांद्यांतून येणारा संदेश क्षीण होतो, वाटेत आपटून येतो, आणि दहा-पंधरा पावलांची चूक सहज होते. चाळीस पावलांच्या पट्टीत ती चूक आम्हाला चुलत्याच्या वावरात नेऊन उभी करते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी तीनही फोन त्याच धुऱ्यावर नेले. आयफोन १५ प्रो दोन वेगवेगळ्या लहरींवर उपग्रहांचे ऐकतो, त्यामुळे आपटून आलेला संदेश त्याला बराचसा वेगळा ओळखता येतो, शिवाय इस्रोच्या 'नाविक' उपग्रहांचेही तो ऐकतो. निंबाखालीही त्याने काही सेकंदांत आम्हाला आमच्याच पट्टीत दाखवले. सॅमसंगनेही तसेच. बाबांचा फोन मी पट्टीच्या मधोमध, उघड्या आकाशाखाली, सपाट हातावर धरला आणि घड्याळ लावून स्वस्थ उभी राहिले. चौदा मिनिटांनी तोही योग्य जागी आला. तात्पर्य असे की, जे काम सव्वा लाख रुपये सहज करतात ते चौदा मिनिटे आणि थोडी माहितीही करू शकते, परंतु ती माहिती फोनच्या पेटीतील कागदावर कुठेही छापलेली नसते.

किमतीचा हिशेब मी बाबांसमोर मांडला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला आहे. त्या दराने आयफोन १५ प्रोची मूळ किंमत साडेसोळा क्विंटलांहून अधिक भरते. आमच्या अडीच एकरांत चांगल्या वर्षी पंधरा क्विंटल निघतो. तेव्हा अशा फोनची शिफारस माझ्यासारखीने करणे हास्यास्पद होईल. मात्र भारी फोनच्या एका गुणाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. सॅमसंगने एस२४ मालिकेला सात वर्षे सुधारणा पुरवण्याचे वचन दिले आहे, आयफोनही वर्षानुवर्षे नव्या ॲपशी जुळवून घेतो. आमच्या फोनला दोन वर्षांनंतर एकही सुधारणा आली नाही. यंत्र धड असून उद्या एखादे शासकीय ॲप त्यात चालणार नाही, ही धास्ती आहे. गरिबाला फोन वारंवार बदलावा लागतो आणि श्रीमंताचा टिकतो, हा व्यवहार मला उफराटा वाटतो. मध्यम किमतीचा फोन घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी दुकानात मेगापिक्सेल विचारण्याआधी सुधारणा किती वर्षे मिळणार ते विचारावे, मग दुकानाबाहेर उन्हात येऊन पडदा पाहावा, आणि कॅमेऱ्यातील 'सौंदर्य' बंद करता येते की नाही ते तपासावे. येत नसेल तर तो फोन घेऊ नये.

आमच्या फोनमध्ये ते बंद करता आले. सोय तीन पडद्यांच्या आत दडवून ठेवली होती, सापडायला अर्धा तास लागला. दादा-वहिनी गेल्यावर सकाळी दहाच्या सुमारास आजीला ओसरीत बसवले. ऊन अंगणात, सावली ओसरीत, तोंडावर चुन्याच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड. अशा उजेडात नऊ हजारांच्या आणि सव्वा लाखाच्या फोनमधला फरक फार थोडा उरतो, हे मी आधीच्या चार दिवसांत पाहून ठेवले होते. तो फोटो तेल्हाऱ्यातील स्टुडिओतून चार बाय सहा इंचांचा छापून आणला. छापणाऱ्याने सांगितले की एवढ्या आकाराला १२०० बाय १८००, म्हणजे एकवीस लाख साठ हजार ठिपके पुरतात. आजीने तो देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागे उभा केला आहे. कपाळावरचे तीनही ठिपके त्यात आले आहेत, हनुवटीवरचा किंचित पुसट आहे, पण तो तिच्या हनुवटीवरही आता पुसटच आहे.